भिंगारची पडवी आणि नानाकाकांचें यंत्र

चांदबिबीचा महाल पाहावयास नगराहून निघालेले लोक भिंगारांतूनच जातात, पण भिंगारांत थांबत नाहींत. पाथर्डीच्या रस्त्यावर लष्करी कुंपणें लागतात, त्यांच्या पाठोपाठ बाजार लागतो, आणि मोटारींतील मंडळींच्या ध्यानांत येईपर्यंत गांव मागें पडलेलें असतें. आम्हीही आजवर असेच पुढें जात आलों. वास्तविक चुलत्यांचें घर तेथें. पण घरचें गांव पाहावयाचें असतें असें कोणास वाटतें? लग्नमुंजीस जावें, जेवावें आणि रात्रीच्या मोटारीनें परत यावें, हाच परिपाठ.

गेल्या माघांत चुलतबंधु दादांचें पत्र आलें. वाडा विकावयाचा ठरला आहे. तिघां भावांत भांडींकुंडीं, कपाटें, देव्हारा, सर्वांची वांटणी सुरळीत झाली. अडलें आहे तें एका वस्तूवर. पडवींत नानांचें वजनाचें यंत्र उभें आहे. भंगारवाला किलोच्या भावानें न्यावयास तयार आहे. मुंबईचे कोणी गृहस्थ बरेच अधिक देतों म्हणतात. ‘आई कांहींच बोलत नाहीं. तुम्ही उभयतांनी येऊन जावें.’

पत्र वाचून आम्हांस थोडी शरम वाटली, हें कबूल केलें पाहिजे. बारा वर्षांपूर्वीं याच पडवींत बसून, ‘हें धूड आतां भंगारांत द्या, जागा तरी मोकळी होईल’ असा सल्ला देणारे आम्हीच होतों. त्यानंतर आम्हांस जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि दुसऱ्यांच्या घरांतील अडकित्ते नि दिवे पाहण्यासाठीं आम्ही गांवोगांव हिंडूं लागलों. घरच्या यंत्राची आठवण मात्र दादांच्या पत्रानेंच झाली.

आम्ही मुद्दाम आगगाडीनें गेलों. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालचा. नानाकाकांचा सारा जन्म याच मार्गावर गेला. रेल्वेच्या फलाटावर वजनाचीं यंत्रें ठेवणारा एक कंत्राटदार होता. त्याच्याकडे १९६३ सालीं ते यंत्रांची देखभाल करावयास लागले. दौंड, नगर, मनमाड अशी त्यांची फेरी असे. वाचकांपैकीं वडील मंडळींना तीं यंत्रें आठवत असतीलच: माणसाहून उंच, कांचेआड रंगीत दिव्यांचीं चाकें गरगर फिरत आहेत, खालीं पाय ठेवावयाची लोखंडी फळी. चाक थांबेपर्यंत थांबावयाचें, मग नाणें टाकावयाचें. आंत कांहीं खडखडे आणि पुठ्ठ्याचें जाड तिकीट बाहेर येई. एका अंगास वजन, त्याच्या जवळपास कोठें तरी भविष्य. कधीं नटनटीचें चित्रही असे. गाडीस उशीर झाला म्हणजे अर्ध्या कुटुंबाचें वजन तेथेंच होऊन जाई. या वेळीं नगरच्या फलाटावर आम्हीं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलें; आम्हांस एकहि दिसलें नाहीं.

स्थानकावरून भिंगारास जातांना किल्ला लागतो. १९४२ ते १९४५ या काळांत पंडित नेहरू येथें कैदेंत होते, आणि त्यांचा भारतशोधाचा ग्रंथ येथेंच लिहिला गेला, हें शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतें. १४९० सालीं अहमद निजामशहानें बहामनी फौजेचा पराभव केला तो या भिंगारच्याच परिसरांत, आणि त्या विजयाच्या जागीं त्यानें आपलें शहर वसविलें. २०२४ सालीं त्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें. आमच्या काकूंच्या तोंडीं मात्र अजून नुसतें ‘नगर’च आहे.

किल्ल्याच्या पूर्वेस भिंगारच्या बाजूला दमडी मशीद आहे. आम्ही रिक्षा थांबवून ती पाहिली. इमारत लहानच, पण दगडावरील कोरीव काम असें कीं, हात लावून पाहावेंसें वाटतें. १५६७ च्या सुमारास साहिरखान नांवाच्या सरदारानें ती बांधविली असें सांगतात. आणि नांवाची कथा अशी कीं, किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं रोजच्या मजुरींतून एकेक दमडी बाजूला टाकली, तिच्यांतून मशीद उभी राहिली. दमडी म्हणजे पैशाचाही बारीक अंश. कथा खरी असो वा नसो, भिंगारच्या वाटेवर तिचें भेटणें आम्हांस अगदीं योग्य वाटलें. कारण आम्ही निघालों होतों तें सुट्या नाण्यांवर चाललेल्या एका संसाराची पेटी उघडावयास. औरंगजेबाचा अंतही याच परिसरांत ३ मार्च १७०७ रोजीं झाला, आणि मग त्याचा देह खुलदाबादेस नेला. आपल्या हातानें शिवलेल्या टोप्यांच्या विक्रींतून उरलेल्या चार रुपये दोन आण्यांतच आपलें कफन करावें, असें त्यानें सांगून ठेविलें होतें म्हणतात. पंचवीस वर्षें दक्षिणेंत खजिना ओतणाऱ्या बादशहाला शेवटीं दोन आण्यांचा हिशेब आठवावा, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे.

वाड्यांत पोंचलों तेव्हां दादांचे दोन्ही भाऊ आलेले होते. धाकट्यानें मुंबईच्या गृहस्थांनीं पाठविलेलीं छायाचित्रें दाखविलीं. असेंच एक यंत्र त्यांनीं कोण्या उपाहारगृहासाठीं ‘नवें’ केलें होतें. सारा जुना रंग घासून काढलेला, वर मोटारीसारखा झळझळीत तांबडा रंग, कडेनें सोनेरी पट्ट्या. नाणें टाकावयाची फट होती, पण ती बुजविलेली; कळ दाबली कीं दिवे लागत. वजन होत नसे. ‘वजन कोणाला हवें आहे?’ असें धाकटे म्हणाले. त्यांचें म्हणणें सर्वस्वी चुकीचें नव्हतें. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता, आणि पडवींतील धूड कोणाच्याच दोन खोल्यांच्या घरांत मावणारें नव्हतें.

काकू माजघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

यंत्र उघडून पाहावें, एवढ्यावर सर्वांचें एकमत झालें. लष्करी कारखान्यांतून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत; गाड्यांचीं इंजिनें उलगडण्यांत त्यांचा जन्म गेला. ते पिशवीभर हत्यारें घेऊन आले. पण गंजलेल्या कुलुपांत तेल सोडून रात्रभर थांबावें लागेल, असें त्यांनीं सांगितलें. आणि आम्हांस विचारलें, ‘तोंवर आमचें संग्रहालय पाहिलेंत कीं नाहीं?’

तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहिलें. चिलखती दलाच्या केंद्रानें १९९४ च्या फेब्रुवारींत हें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार, इंग्रजांचे मटिल्डा आणि सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, असे रणगाडे झाडांच्या सावलींत रांगेनें उभे आहेत. स्वच्छता आणि रंगरंगोटी पलटणीला शोभेल अशी. पाहतां पाहतां आमच्या मनांत आलें कीं, रणगाड्यास नवा रंग देणें ठीकच, कारण पलटणींत असतांही त्याला वरचेवर रंग मिळतच असे. तो त्याचा आयुष्यक्रमच आहे. फलाटावरच्या यंत्राचें तसें नाहीं. त्याच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा कोणाच्या तरी ट्रंकेचा आहे. तो घासून काढला तर मग राहिलें काय?

या यंत्रांचा इतिहास आपण समजतों त्याहून फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें देवळासाठीं एक पात्र वर्णिलें आहे. पांच द्राखमांचें नाणें आंत टाकलें कीं तें एका तबकडीवर पडे, तबकडी कलली म्हणजे झडप उघडे आणि हातावर तीर्थ येई. नाणें घसरून पडलें कीं झडप बंद. त्यानंतर जवळजवळ अठराशें वर्षें ही कल्पना व्यापाराच्या कामीं फारशी आली नाहीं. मग १८८३ च्या सुमारास लंडनांत एव्हरिट नांवाच्या गृहस्थानें पोस्टकार्डें विकणारें यंत्र काढलें. नाण्यावर चालणारें वजनाचें यंत्रही त्याच्याच खटपटींतलें. १८८८ सालीं न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर चघळण्याच्या गोंदाचीं यंत्रें लागलीं, आणि जर्मनींत स्टोलवर्कचीं चॉकलेटें याच रीतीनें विकूं लागलीं. हॉर्न आणि हार्डार्ट यांनीं १९०२ सालीं फिलाडेल्फियांत सबंध उपाहारगृहच या तत्त्वावर चालविलें: भिंतींत कांचेचीं दारें, नाणें टाकावें आणि थाळी काढून घ्यावी. त्यांचें न्यूयॉर्कमधील शेवटचें गृह १९९१ सालीं बंद झालें. त्या पहिल्या भिंतीचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालयांत आहे. जपानांत सगामिहारा येथें जुन्या टायरांच्या दुकानाच्या आवारांत असलीं जुनीं यंत्रें दुरुस्त करून चालू ठेविलीं आहेत. लोक लांबून येतात, नाणें टाकतात आणि गरम शेवया खातात. संग्रह म्हणावा तो असा. वस्तु आपलें काम करीत आहे, आणि पाहणाऱ्याचें पोटही भरतें आहे.

आपल्याकडे संग्राहकाचें नांव निघालें कीं पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचें स्मरण होतें. त्यांनीं दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यें असा घरगुती वस्तूंचा एवढा ढीग जमविला आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाच्या नांवानें तो समाजास दिला. पण त्यांचा डोळा हाताच्या कारागिरीकडे होता. कारखान्यांतून निघालेल्या यंत्राला आपण अजून ‘जुनी वस्तु’ म्हणावयास तयार नाहीं; त्याला आपण ‘बिघडलेलें’ म्हणतों.

दुपारीं कुलूप निघालें. दार उघडतांच उंदरांनीं केलेली घाण, तुटलेल्या तारा आणि वर्षांचा कोंदट वास. शेजाऱ्यांनीं दिवा धरला आणि हळूच म्हणाले, ‘हें पाहा.’

दाराच्या आंतल्या अंगास पेन्सिलीनें लिहिलेली टिपणी होती. अक्षर नानाकाकांचें, बारीक नि सरळ. वरच्या ओळींत ‘१० न. पै.’, खालीं १९७२ असें साल आणि ‘२५ पै.’, मग ‘५० पै.’, मग १९८६ आणि ‘१ रु.’, शेवटीं १९९४, ‘१ रु. लहान. चुंबक काढला.’

आम्हांस त्याचा अर्थ प्रथम कळला नाहीं. शेजाऱ्यांनीं नाण्याची वाट बोटानें दाखविली तेव्हां कळला. फटींतून नाणें तिरप्या पन्हळींत पडतें. व्यास कमी असेल तर तें पन्हळीच्या फटींतून खालीं निसटून परतीच्या वाटींत येतें. वजन कमी असेल तर पुढचा तराजूसारखा झुला कलत नाहीं. लोखंडी चकती असेल तर बाजूचा लोहचुंबक तिला धरून ठेवतो. या तिन्ही परीक्षा उतरल्या म्हणजे नाणें कळ सोडवितें आणि मगच तिकीट छापतें. म्हणजे सरकारनें नाणें बदललें कीं यंत्र आंधळें होणार! आणि आपल्या सरकारनें नाणीं किती वेळां बदललीं? १ एप्रिल १९५७ रोजीं आणे जाऊन नवे पैसे आले. पुढें १९७१ च्या सुमारास दहा पैशाचें नाणें ॲल्युमिनियमचें झालें. तें इतकें हलकें कीं झुला हलेना. रुपया १९७५ सालीं आठ ग्रॅमचा होता, १९८३ पासून सहा ग्रॅमचा, आणि १९९२ पासून पोलादी, पांच ग्रॅमच्याही आंतला. हें पोलाद चुंबकाला चिकटतें. जो चुंबक लबाडांस पकडावयास ठेविलेला, तो आतां खऱ्या रुपयालाच पकडूं लागला. म्हणून ‘चुंबक काढला’. अमेरिकेंतही हाच घोटाळा झाला होता. हॉर्न-हार्डार्टची कॉफी पांच सेंटांच्या एका नाण्याला मिळे; १९५० सालीं भाव वाढविण्याची पाळी आली तेव्हां यंत्राला मधलें नाणें ठाऊक नसल्यामुळें तो एकदम दुप्पट करावा लागला.

दादा कांहीं वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नाना २००९ सालीं गेले. त्यानंतर हें लहरी झालें. कधीं चाले, कधीं रुपया तसाच परत देई. आम्ही म्हणालों, बिघडलें.’

तें बिघडलें नव्हतें. २०११ सालीं रुपया आणखी लहान झाला, पंचवीस मिलिमीटरांचा बावीसवर आला. बाजारांत दोन्ही नाणीं एकत्र फिरूं लागलीं. हातीं जुनें आलें तर यंत्र घेई, नवें आलें तर परत करी. पन्हळ बदलणारा माणूस गेला होता, एवढेंच. आणि आम्ही त्याला भंगारांत द्या म्हणून सांगत होतों! पुढें उंदरांनीं तारा खाल्ल्या तेव्हां दिवे विझले, आणि कोणालाच आश्चर्य वाटलें नाहीं.

नाण्यांच्या पेटींत एकोणीस रुपये निघाले, आणि चुंबक काढल्याचें फळ म्हणून सहा लोखंडी वायसर. काकू आतां उठून आल्या होत्या. वायसर पाहून त्या हंसल्या. ‘हे मी निवडून ठेवीत असें,’ त्या म्हणाल्या. ‘रविवारीं हे पिशवी आणीत. या पडवींत सतरंजी अंथरायची, मुलांनीं दहादहाच्या चवडी लावायच्या. नाणें कंत्राटदाराचें, वायसर आपले. त्यांतूनच माझ्या पाळण्याच्या कड्या बसविल्या होत्या.’

यंत्र घरीं कसें आलें, हें आम्हीं तेव्हां प्रथम ऐकिलें. १९९८ सालीं नगरच्या फलाटावरून तें काढलें. कंत्राटदार मोडीच्या भावानें विकावयास निघाला, आणि नानाकाकांनीं त्या दिवशीं जेवण टाकलें. ‘पस्तीस वर्षें ज्याला तेल घातलें तें मोडींत कसें जाऊं द्यायचें, असें म्हणत बसले. मग मीच माझी एक बांगडी काढून दिली.’

धाकट्यांनीं हातांतील छायाचित्रें पालथीं ठेवलीं. ‘आई, हें तूं कधीं सांगितलें नाहींस.’

‘विचारलें कोणी?’ काकू म्हणाल्या. ‘तुम्ही तिघे वांटणी करीत होतां. जें माझें आहे तें वांटणींत येत नाहीं, एवढें मला ठाऊक होतें.’

पुढचें काम चार दिवसांचें. दादांच्या नव्या घरास ओसरी आहे, तेथें तें ठेवावयाचें ठरलें. मुंबईस नकार कळविला. धाकट्यांच्या मुलीच्या खर्चाचा वांटा दादांनीं आणि आम्हीं उचलावयाचें कबूल केलें, आणि त्याबद्दल पुष्कळ बोलणें होऊन अखेर तें त्यांनीं मान्य केलें. यंत्र कसें दुरुस्त करावें यावर मात्र आमचा नि शेजाऱ्यांचा वाद झाला. त्यांना तें परेडला उभें करण्यासारखें हवें होतें. आमचें म्हणणें असें कीं, तारा नव्या घालाव्या, कारण जुन्यांनीं घर पेटेल. गंज काढावा, कारण तो वाढतो. पण रंगास हात लावूं नये. तांबड्या रंगाचा पोपडा गेला होता तेथें खालीं हिरवा दिसत होता. तोही तसाच राहूं द्यावा. पेन्सिलीच्या टिपणीवर तर फडकेंही फिरवूं नये. शेजारी शेवटीं म्हणाले, ‘ठीक आहे. जखमी शिपाई म्हणून उभा राहील.’

दुसरा प्रश्न नाण्याचा. पन्हळ आजच्या रुपयास बसती करावी कीं नाहीं? तसें केलें तर येणाऱ्याजाणाऱ्यास सोय. पण नानाकाकांच्या हातची शेवटची जुळवणी मोडणार. आमच्या सौभाग्यवतींनीं यावर तोड काढली. जुने, मोठे पोलादी रुपये अजून हातीं येतात. तसे वाटीभर जमवून यंत्राजवळ ठेवावे, आणि ज्याला वजन करावयाचें असेल त्यानें वाटींतला घ्यावा. बाजारांत भाजीवालासुद्धां आतां ठिपक्यांच्या चौकोनावर दूरध्वनी धरून पैसे घेतो. खिशांत रुपया असतो कोणाच्या?

किराणा दुकानांतून वीस-वीस किलोंचीं तीन छापाचीं वजनें आणून फळीवर ठेविलीं. तिकिटांचा जुना गठ्ठा पेटींत होता, थोडा दमट, पण चालण्याजोगा. पहिलें तिकीट अर्धें अडकलें, दुसरें निघालें तें एकसष्ट किलोंचें. एक स्क्रू पाव आट्यानें फिरविला. मग बरोबर साठ आलें. इतक्या वर्षांत चूक एका किलोचीच. पूर्वीं वजन वाढलेलें दिसलें कीं लोक खुष होत, आतां कमी झालेलें दिसलें कीं होतात. नानाकाकांना दोन्हींपैकीं कोणासही खुष करण्याचा मोह झालेला दिसत नाहीं.

काकूंनीं आधीं नकोच म्हटलें. मग दिवे लागून चाक फिरूं लागलें तेव्हां चपला काढून, भिंतीस धरून फळीवर चढल्या. यंत्रावर चढतांना चपला काढावयाच्या नसतात, असें नातवानें सांगितलें. त्यांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. रुपया आंत गेला, झुल्याचा टक्क असा आवाज झाला आणि तिकीट पडलें. त्रेचाळीस किलो. काकूंनीं तें डोळ्यांजवळ धरून दोन्ही बाजूंनीं पाहिलें, पंचांगाच्या पानांत ठेवलें, आणि दादांना म्हणाल्या, ‘पेटी उघडून तो रुपया परत वाटींत टाक. उद्यां शेजारच्या सुना यायच्या आहेत.’